बसली

पहाटे फोन वाजला की मी नाव बघत नाही.
‘बसली,’ नुगझर म्हणतो. एवढंच.
गोठ्यातून कुणी सांगावं, गाय बसली,
आणि ऐकणाऱ्यानं अंधारात चपला शोधाव्यात, तसं.

कुताइसीत, रिओनीच्या पुलाखालच्या गल्लीत
ती उभी असते. उभी कसली,
पुढची दोन्ही चाकं पोटात घेऊन
नाक फरशीला टेकवलेली,
काळी, लांब, जर्मन,
तीन मालकांना पुरून उरलेली.
तिला स्प्रिंगा नाहीत. ती हवेवर चालते.
रबरी पिशवीत कोंडलेली हवा,
आणि एक पिशवी नऊशे लारीला.
मी म्हटलं होतं त्याला पहिल्याच दिवशी,
तुझ्या छातीतली फुकट आहे, नुगझर,
तीच वापर, चालत जा.

आधी डावी पिशवी गेली.
मग उजवी, कारण शेजारी नवी आली
की जुनीला आपलं वय कळतं.
मग कॉम्प्रेसर, दोघींसाठी रात्रभर धापा टाकून.
मग एक रिले, नखाएवढा,
बटुमीहून मागवला, तो चुकीचा आला.
मग सहा आठवडे काहीच नाही.
हे सगळ्यात वाईट.
त्या दिवसांत तो तिला पॉलिश करतो.

त्सियालाचा कोट तीन हिवाळे दुकानातच आहे.
ती बोलत नाही. बिलं घडी घालून
मिठाच्या डब्याखाली ठेवते,
डबा आता तिरका उभा राहतो.

एकदा, हात काळे असताना, मी विचारलंच: का रे?
तो म्हणाला, वीज नसायची त्या हिवाळ्यांत
अशीच एक गाडी गल्लीतून गेली.
कुणाची, ते विचारायचं नसतं.
तिच्या उजेडात आईनं सुईत दोरा ओवला.
एवढा वेळ लागला तिला जायला,
इतकी सावकाश, इतकी बिनआवाज.
मी पाना बदलला. तेराचा हवा होता, बाराचा घेतला.

आता माझंही सांगतो.
माझ्या छपराचे नवे पत्रे,
नानुलीच्या दातांवरची तार,
आणि हा लिफ्ट, ज्यावर ती आत्ता लटकते आहे,
सगळं तिच्या दुखण्यातून आलंय.
बायको म्हणते, ईस्टरला एक मेणबत्ती
त्या गाडीच्या नावानं लाव.
मी हसतो. लावतो.

नोव्हेंबरात तो आला आणि म्हणाला,
दुरुस्ती नको, जेमाल. फक्त दिवा काढ.
तो पिवळा, काट्यांच्या मधला.
मला कळू दे नको.
असले काम मी करत नाही.
केलं. दहा मिनिटांचं होतं, पैसे घेतले नाहीत.
अकरा दिवस तो पुलावरून हॉर्न वाजवत गेला.

बाराव्या दिवशी फोन नाही. तेराव्याला नाही.
चौदाव्याला मीच गेलो, पाना न घेता,
मग अर्ध्या वाटेवरून परतून पाना घेऊन.

ती बसलेली होती, पार जमिनीला.
काचा धुरकट.
आत दोघं, पुढच्या सीटवर, सूर्यफुलाच्या बिया सोलत,
त्सियाला बिनकोटाची, बाह्या वर केलेल्या.
‘सीटा गरम होतात,’ तो ओशाळून म्हणाला,
‘तेवढं कधी बिघडलं नाही.’
‘घरापेक्षा बरं,’ ती म्हणाली,
‘आत ये नाहीतर दार लाव.’

मी मागे बसलो.
आयुष्यभर खालून पाहिली होती, आतून कधीच नाही.
चामडं ऊन होतं, माणसाइतकं.
तिनं मूठभर बिया मागे दिल्या.
कुणी कुठे जात नव्हतं.

आणि उजवीकडून, माझ्या मांडीखालून,
ऐकू आलं मला, अगदी बारीक,
झोपलेल्यानं सोडावा तसा सुस्कारा.
मागची पिशवी.

मी एक बी फोडली.
उद्या सांगेन.